बाळ कोणाकडे? महाड-पोलादपूरच्या नोकरदार आयांचे प्रश्न

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेचे दोन तालुके. महाडला सावित्री आणि गांधारीच्या काठची जुनी बाजारपेठ आहे, एसटीचे आगार आहे आणि बिरवाडीच्या बाजूला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. पोलादपूर डोंगरातले. एका अंगाला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या अंगाला खेडकडे उतरणारा कशेडी. या भागातला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, अलीकडे पुणे-सुरतेलाही, पोटासाठी जात आला. घर, शेती आणि मुले बाईने सांभाळायची, ही इथली जुनी वाटणी. आता त्या बाईलाही बाहेरचे काम लागले आहे. शाळेतली शिक्षिका, आरोग्य केंद्रातली परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका, एसटीची वाहक, बँकेतली लिपिक, कारखान्यातली कंत्राटी कामगार, दुकानातली विक्रेती, भातलावणीला रोजाने जाणारी मजूर अशी ही यादी बरीच लांबते.

या लेखासाठी मी अशा सहा वर्षांखालील मुलांच्या आयांशी बोलले. ही पाहणी नव्हे. टक्केवारी काढण्याचा माझा इरादा नव्हता. त्यांना रोज कोणते प्रश्न पडतात, त्यावर सल्ला कोण देते आणि तो सल्ला त्यांच्या दिवसात बसतो का, एवढेच पाहायचे होते. प्रश्न बहुतेक सगळीकडे सारखे निघाले. कामावर रुजू झाल्यावर दुधाचे काय करायचे? सासूबाई मध-गुटी देतात, देऊ द्यावी का? मी निघाले की तो आकांत करतो, गुपचूप निघू का? जेवताना मोबाइल लागतोच, कसा सोडवू? आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न : बाळ कोणाकडे ठेवू?

या प्रश्नांची उत्तरे सहसा आईला उद्देशून दिली जातात. आईने असे करावे, आईने तसे करू नये. पण यातल्या प्रत्येक प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक माहितीचा, तो आईला नीट सांगितला की सुटतो. दुसरा व्यवस्थेचा; तो आईने कितीही पुस्तके वाचली तरी सुटत नाही. दोन्हींची सरमिसळ झाली, की व्यवस्थेची उणीव आईच्या खात्यावर मांडली जाते.

अडीच वर्षांची दरी

प्रथम व्यवस्थेचा भाग पाहू. प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेले असावे, ही अट. या 26 आठवड्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. म्हणजे जिने आधीचे 8 आठवडे घेतले, तिच्या हाती बाळ जन्मल्यानंतर 18 आठवडे उरतात, चार महिन्यांहून थोडे जास्त. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या, हा सल्ला आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असतो. रजेचे गणित तिथेच त्याला छेद देते. म्हणून ज्यांची प्रकृती ठीक आहे आणि काम अवजड नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून आधीची रजा कमी घेतली, तर नंतरचे दिवस वाढतात. ही साधी गोष्ट कित्येकींना माहीत नव्हती.

आता दुसरे टोक. अंगणवाडीत मूल बसते ते तीन वर्षांचे झाल्यावर. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो, पण मूल सांभाळले जात नाही. रजा सहाव्या महिन्यापर्यंत, अंगणवाडी तिसऱ्या वर्षापासून. मधली अडीच वर्षे कोणाची? मूल रांगते, चालते, बोलायला लागते, सर्वांत जास्त पडते आणि सर्वांत जास्त आजारी पडते, ते याच काळात. मेंदूची वाढही याच वर्षांत सर्वांत वेगाने होते. नेमकी हीच वर्षे सरकारी योजनांत बहुतांशी मोकळी पडली आहेत. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. मात्र मी बोलले त्यांपैकी एकीलाही आपल्या आवाक्यात असे पाळणाघर माहीत नव्हते.

मग ही दरी भरतात चार जणी. पहिली आजी. दुसरी शेजारीण, थोड्या पैशांवर किंवा नुसत्या ओळखीवर. तिसरी मोठी बहीण, जिची शाळा त्यासाठी बुडते. चौथी आई स्वतः, नोकरी सोडून. पोलादपूरच्या एका वाडीतली बाई मला म्हणाली, “सासूबाई आहेत म्हणून माझी नोकरी आहे. त्यांचे गुडघे गेले, की माझी नोकरी गेली.” एका कुटुंबाचे उत्पन्न एका वृद्ध बाईच्या गुडघ्यांवर तोललेले असते, ही वस्तुस्थिती आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा वाद

आईच्या रजेचा खर्च कोणी सोसायचा, या वादाचा या भागाशी जवळचा संबंध आहे. कामगार चळवळीचे अग्रणी ना. म. जोशी महाडच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील गोरेगावचे. 1924 साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधून मुलींना शिकवण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी, जुलै 1928 मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. त्यांचा युक्तिवाद असा होता : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण त्या बाईच्या श्रमाचा फायदा मालकालाही होतो, म्हणून तूर्त मालकाने तो सोसणेही गैर नाही. 1929 साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशभरासाठीचा कायदा यायला 1961 उजाडले.

हा युक्तिवाद आजही जुना झालेला नाही. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल, तर रजेतला पगार महामंडळाकडून मिळतो. ती लागू नसलेल्या ठिकाणी सगळा खर्च एकट्या मालकावर पडतो. मग तरुण विवाहित बाईला कामावर घेतानाच हात आखडता होतो. पाळणाघराचेही असेच झाले. 1948 च्या कारखाना कायद्यानुसार, नंतरच्या दुरुस्तीने, 30 हून जास्त स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे ठरले. आकडा स्त्रियांच्या संख्येला बांधला, की स्त्रियांची संख्या तीसच्या आत ठेवणे हा सोपा मार्ग उरतो. 2017 च्या दुरुस्तीने हा दोष काढला. आता स्त्री असो वा पुरुष, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा द्यावी लागते. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्याही आहेत. रजेचे आणि पाळणाघराचे हे हक्क नेमणुकीच्या वेळीच बाईला लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. रजेवर असताना तिला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही.

कायदा असा असताना प्रत्यक्षात अडते कुठे? बहुतेक बाया कंत्राटदाराकडे आहेत. कंत्राटदार बदलला, की 80 दिवस भरल्याचे कागद गोळा करणे बाईवर येते. हजेरीपत्रकाची प्रत, पगाराची पावती किंवा बँकेतल्या जमेची नोंद, विम्याचा क्रमांक, हे गरोदरपणाच्या सुरुवातीलाच एका पिशवीत जमवून ठेवावे, असे मी प्रत्येकीला सांगते. लहान दुकानात, शेतात, वीटभट्टीवर तर हा कायदा पोहोचतही नाही. या भागातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात, तेव्हा तान्ही मुलेही बरोबर जातात आणि झोळी भट्टीशेजारीच बांधली जाते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवावे, अशी तरतूद केली होती. मूल सांभाळणे हे मजुरी देण्याजोगे काम आहे, हे तिथे कायद्याने मान्य केले.

अंगणवाडीच्या नावामागची गोष्ट

आपल्याकडे या विषयाचा विचार झालाच नाही असे नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. ती अंगणवाडी. गुरे राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 1957 मध्ये काम कोसबाडला हलले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नसेल, तर भावंडाचीही सोय शाळेशेजारीच करावी. 1975 च्या 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. अंगणवाडी सर्वत्र पोहोचली, पण कोसबाडला तिच्या शेजारी असलेला पाळणा मागे राहिला.

आजच्या अंगणवाडीची वेळ काही तासांची असते. कारखान्याची पाळी आठ तासांची. त्यामुळे मूल तीन वर्षांचे झाले तरी त्याला न्यायला दुपारी घरात कोणीतरी लागतेच. ज्या सेविकेच्या भरवशावर गाव आपली मुले सोडते, तिचेही मूल घरी कोणाकडे तरी असते. सेविका आणि आशा यांना सरकारने मानसेवी ठरवले आहे. मानधन आहे, नोकरीचे हक्क अपुरे आहेत. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली सांगावे लागले. महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर 2023 पासून दीर्घ संपावर गेल्या, त्यालाही हीच पार्श्वभूमी होती.

दूध आणि घास

आता माहितीचा भाग. इथे आईच्या हातात बरेच आहे.

सहा महिन्यांच्या आत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणी, मध, गुटी, ग्राइप वॉटर काहीही लागत नाही. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये. त्यातून क्वचित का होईना, जीवघेण्या जंतूची बाधा होऊ शकते. लवकर रुजू व्हावे लागले, तर दूध हाताने पिळून ठेवता येते. स्वच्छ धुतलेल्या, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात काढायचे. कोकणच्या उकाड्यात ते चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवले तर त्याच दिवशी संपवावे, कारण वीज जाते तेव्हा फ्रिजचा भरवसा राहत नाही. गरम करायचे ते भांडे कोमट पाण्यात धरून, गॅसवर नाही. पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने. बाटलीची चोख सफाई पावसाळ्यात जमत नाही आणि हगवण तिथूनच येते. दुधाच्या भुकटीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामागे हेच कारण आहे.

सहा महिन्यांनंतर वरचा आहार. इथे आजीचा हात मोलाचा, कारण नाचणी, वरी, तांदूळ, कुळीथ हे सारे घरचेच असते. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तांदळात त्याच्या तुलनेत नगण्य. अडचण पदार्थाची नसते, पातळपणाची असते. तांदळाची पेज पोट भरते, पण बाळाला ताकद फार देत नाही. खीर किंवा मऊ भात चमच्यातून सहज वाहून जाणार नाही इतका घट्ट हवा. त्यात चमचाभर तूप किंवा तेल, शिजवून घोटलेली डाळ, शेवग्याचा पाला, पुढे अंडे, काटे काढलेली मासळी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा, आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू. चहात बुडवलेले बिस्कीट हा मला सर्वांत जास्त ठिकाणी दिसलेला नाश्ता. तो का दिला जातो, हेही समजून घेतले पाहिजे. पहाटे पाचला उठून डबा करून सातची गाडी गाठणाऱ्या बाईला तो लगेच हाती लागतो. म्हणून मी खीर शिकवण्याआधी नाचणीचे पीठ रविवारी भाजून ठेवायला सांगते. दहा मिनिटांत होणारा पर्याय दिला, तरच बिस्कीट सुटते.

निघतानाचे रडणे आणि मोबाइल

साधारण आठव्या महिन्यापासून बाळ ओळखीचे-अनोळखी वेगळे करू लागते आणि आई दिसेनाशी झाली की घाबरते. हे वाढीचे लक्षण आहे, लाडावल्याचे नव्हे. दीड वर्षाच्या आसपास ते जोरात असते, मग ओसरू लागते. बहुतेक घरांत यावर उपाय एकच : “त्याचं लक्ष नाही तोवर तू नीघ.” त्याने त्या वेळचे रडणे टळते, पण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, हे मूल शिकते आणि दिवसभर पदर सोडत नाही. त्यापेक्षा रोज तेच दोन शब्द बोलून, तसाच हात हलवून निघावे. रडेल. सांभाळणारी ओळखीची आणि मायेची असेल तर थोड्या वेळात थांबेलही.

कामाला जाण्याने मुलाचे मन आईपासून तुटते का, ही भीती मला जवळजवळ प्रत्येकीने बोलून दाखवली. अमेरिकेत 1991 पासून हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. केवळ दुसऱ्याकडे राहिल्याने मुलाचे आईशी असलेले नाते बिघडत नाही, असे त्यात दिसले. आई मुलाच्या हाकेला कशी ओ देते, हे जास्त महत्त्वाचे ठरले. सांभाळ निकृष्ट असेल आणि घरीही दुर्लक्ष असेल, तेव्हा धोका वाढला. म्हणजे प्रश्न पुन्हा सांभाळाच्या दर्जापाशी येतो. आपल्या आज्या-पणज्याही लावणीला बांधावर झोळी बांधून जातच होत्या. चोवीस तास फक्त बाळाकडे पाहणारी आई शेतकरी घरात कधी नव्हती. त्या वेळी आजूबाजूला माणसे होती. आज नवरा मुंबईला, दीर पुण्याला, आणि घरात आजी व बाळ दोघेच, असे चित्र जास्त दिसते.

मोबाइलचा प्रश्न याच चित्रातून येतो. दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही कोणी बरोबर बसून, असे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे. मुंबईच्या बाबांशी व्हिडिओवर बोलणे यात धरलेले नाही. ते जरूर करावे. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला धावणारे मूल चुलीपासून, विहिरीपासून दूर ठेवायचे असते आणि तिच्या हाती मोबाइल हे एकच साधन असते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. दिवसातला एक-दोन तासांचा भार दुसऱ्या कोणी उचलला, शेजारची दोन मुले खेळायला आली, डबे-चमचे-नारळाच्या करवंट्यांची टोपली मुलापुढे ठेवली, तर मोबाइल आपोआप कमी होतो.

पावसाचा दिवस

या भागाचा आणखी एक प्रश्न संगोपनाच्या पुस्तकांत सापडत नाही. जुलै 2021 च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली, तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की आईच्या मनात पहिला विचार येतो तो रस्ता बंद झाला तर बाळाचे काय, हा. यासाठी दोन घरांशी आधीच बोलून ठेवावे : एक मुलाच्या घराशेजारचे, एक उंचावरचे. तिथे मुलाचे कपडे, औषध, जलसंजीवनीची पाकिटे, लसीकरणाच्या कार्डाची प्रत आणि आई-बाबांचे फोन क्रमांक कागदावर लिहून ठेवलेले असावेत. मोबाइलची बॅटरी संपली की त्यातले क्रमांकही हाताशी राहत नाहीत.

काय करता येईल

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये एक उपयोगी तरतूद आहे. अनेक आस्थापनांना एकत्र येऊन सामायिक पाळणाघर चालवता येते. नगरपालिकेचे किंवा संस्थेचे पाळणाघरही वापरता येते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्येक कारखान्याने वेगळी खोली काढण्यापेक्षा, रासायनिक धुरापासून दूर, कामगारांच्या वस्तीजवळ एक चांगले पाळणाघर सर्वांनी मिळून चालवणे सोपे आणि मुलांसाठी सुरक्षित आहे. वाड्यांवर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के निधी असतो. तो शिलाई यंत्रांवर जसा खर्च होतो, तसा लावणीच्या दोन महिन्यांपुरत्या पाळण्यावरही होऊ शकतो. समाजमंदिराची एक खोली, बचत गटातल्या दोघी, त्यांना रीतसर मजुरी. मागणी मात्र ग्रामसभेत लेखी जायला हवी आणि ती करायला बायांबरोबर बापांनीही उठायला हवे. बाळ कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न मला या सबंध काळात एकाही बापाने विचारला नाही. सुट्टीला आलेल्या बापाने मूल दोन दिवस एकट्याने सांभाळावे, एवढी सुरुवात या दिवाळीतही करता येईल.

आयांना सल्ला हवा आहे, त्या तो मन लावून ऐकतात आणि जमेल तेवढा पाळतात. सल्ला देणाऱ्याने त्याआधी एक विचारावे : तुम्ही घरातून किती वाजता निघता, किती वाजता परत येता, आणि मधल्या वेळात बाळाजवळ कोण असते? मी आता प्रत्येक बोलण्याची सुरुवात याच तीन प्रश्नांनी करते. त्यांची उत्तरे ऐकल्यावर निम्मे सल्ले देण्याची गरजच उरत नाही, आणि उरलेले निम्मे कोणाला द्यायचे, आईला, आजीला, मालकाला की ग्रामपंचायतीला, हेही कळते.